साखर पडण्यापूर्वीचा चक्का

गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री बडोद्यातील जुन्या मराठी घरांत एक देखावा हमखास दिसत असे. स्वयंपाकघरातील खुंटीला, नाही तर खिडकीच्या गजाला, पांढऱ्या फडक्याचे एक गाठोडे टांगलेले असावयाचे, त्याखाली एक पातेले ठेवलेले असावयाचे, आणि निजानीज झाल्यावर साऱ्या घरात त्या पातेल्यात पडणाऱ्या थेंबांचा आवाज तेवढा ऐकू यावयाचा. सकाळी फडके सोडले की आत घट्ट, पांढराशुभ्र चक्का. मग त्यात साखर, मग पुरणयंत्र, वेलदोडा, जायफळ, दुधात खललेले केशर, आणि दुपारी नैवेद्याच्या पानावर श्रीखंड. फडक्यातून सुटलेल्या चक्क्याचे श्रीखंडावाचून दुसरे काही होऊ शकते, हे आमच्या लहानपणी कोणाच्या मनातही आले नसते. चक्का होता तो श्रीखंडासाठी. त्याला स्वतंत्र संसार नव्हता.

येथील गुजराती मंडळी चक्क्याला 'मस्को' म्हणतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या माणसाची त्यामुळे फजिती होते, कारण त्याच्या लेखी मस्का म्हणजे लोणी. पुढे १९५७ साली स्थापन झालेल्या येथील सहकारी दूध संघाने, ज्याला सारे गाव बडोदा डेअरी म्हणते, श्रीखंड यंत्रांवर करावयास घेतले. तेथे दह्यातील पाणी फडक्यात टांगून नव्हे, तर वेगाने फिरणाऱ्या यंत्राने काढतात. तयार डबे घरोघर येऊ लागले तशी खुंटीवरची गाठोडी कमी होत गेली. आमच्या घरी मात्र सौ.च्या हट्टामुळे पाडव्याचे गाठोडे अद्याप टिकून आहे, आणि त्या गाठोड्यानेच अलीकडे आमच्या कुटुंबातील एक अवघड प्रसंग सावरला. हा लेख त्या निमित्ताने.

प्रसंग सांगण्यापूर्वी पंगतीचे वर्णन केले पाहिजे. पाडव्याला आमच्या घरी नऊ पाने मांडली जातात. पूर्वी नऊ पानांवर एकच स्वयंपाक असे. आता काय आहे? आमचे ज्येष्ठ बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, मधुमेही असून दोन्ही वेळा इन्शुलिन घेतात. पुतण्या 'कीटो' आहारावर आहे. आम्ही स्वतः रक्तदाबामुळे मिठावर नजर ठेवून असतो. भाचीने प्राणिमात्रांवरील दयेपोटी दूधदुभते सोडले आहे. आईचे वय ऐंशीच्या पुढे, दात नाहीत. सौ. दिवसातून दोनदाच जेवण्याच्या नेमात आहे. राहता राहिली धाकटी तीन मुले, त्यांना सारे चालते. अशी घरे आमच्या वाचकांपैकी कित्येकांची असतील.

'पथ्य' हा शब्द 'पथिन्' म्हणजे मार्ग यावरून आला आहे. मार्गाला धरून असलेले, शरीराच्या वाटेला मानवणारे, ते पथ्य. मुळात या शब्दात वर्ज्य करण्याचा अर्थ नाही. परंतु व्यवहारात पथ्य म्हटले की 'हे नको, ते नको' एवढेच आपल्याला आठवते, आणि पंगतीत पथ्याचे माणूस पानावर बसून इतरांच्या पानाकडे पाहत राहते.

तीन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला दादांचे असेच झाले. ते नेहमीप्रमाणे जेवणाआधीचे इन्शुलिन टोचून पानावर बसले. पान वाढले गेले तेव्हा त्यात श्रीखंड, पुऱ्या, मसालेभात, बटाट्याची भाजी, म्हणजे त्यांच्या हिशेबात एकही निर्धोक वस्तू नव्हती. आम्ही, तेव्हा स्वतःस फार समजूतदार मानीत असल्यामुळे, आग्रह केला नाही. त्यांनी काकडीची कोशिंबीर आणि दोन घास भाजी खाऊन पान बाजूस सारले. दीड तासाने त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे तुटक झाले. औषध पोटात गेले होते, अन्न गेले नव्हते. रक्तातील साखर भलतीच उतरली होती. आम्ही घाबरून जवळची श्रीखंडाची वाटी उचलली. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, श्रीखंड नको, साखरेचे पाणी द्या." आणि त्याच बरोबर होत्या. श्रीखंडातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोहोचावयास वेळ लागतो. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी यंत्रावर पुन्हा तपासावे आणि मग काही खावयास द्यावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न ओतता तडक रुग्णालय गाठावे. दादा अर्ध्या तासात सावरले. परंतु त्यानंतरच्या वर्षी पाडव्याच्या सकाळी त्यांचा दूरध्वनी आला, "तुम्ही जेवून घ्या, आम्ही घरी जेवून चारच्या सुमारास येऊ."

आई त्या दिवशी काही बोलली नाही. मात्र दुपारी नऊऐवजी सात पाने मांडली गेली ते तिने मोजून पाहिले.

यावरचा उपाय सौ.ने शोधला आणि तो इतका साधा होता की तो आधी कसा सुचला नाही, याचे आम्हांस अजून नवल वाटते. तिचे म्हणणे असे, की दोष चक्क्यात नाही. साखर पडते तोपर्यंत चक्का सर्वांचा असतो. साखर पडली की तो काही जणांचाच होतो. तेव्हा सकाळी गाठोडे सोडल्यावर श्रीखंडाला हात घालण्यापूर्वी त्यातला एक मोठा वाटा बाजूस काढावा आणि त्याचे खारे तोंडीलावणे करावे. हे तोंडीलावणे म्हणजे कोशिंबीर नव्हे आणि रायतेही नव्हे, कारण दोन्ही पातळ. हे पुरीने, भाकरीच्या तुकड्याने किंवा काकडीच्या कापाने उचलून घेता येईल इतके दाट असते. तिची कृती अशी: पाव किलो चक्का लाकडी चमच्याने फेटून मऊ करावयाचा. एक कोवळी काकडी किसून, हाताने घट्ट पिळून तिचे पाणी काढावयाचे, नाही तर तोंडीलावणे तासाभरात पाझरते. भाजलेल्या जिऱ्याची भरड, वाटलेले आले आणि हिरवी मिरची, चिरलेला पुदिना, चिमूटभर मीठ. बस. फोडणी घालावयाची तर वेगळ्या पळीत करून ज्याला हवी त्याच्याच वाटीत ओतावयाची, हा तिचा दंडक.

ग्रीसमध्ये घट्ट दही, काकडी, लसूण आणि ऑलिव्हचे तेल यांचे 'झाझिकी' करतात आणि लेबनॉनमध्ये गाळलेल्या दह्याचे 'लबने'. चक्का हा त्यांचा सख्खा भाऊच. भूमध्य समुद्राकाठचा आहार म्हणून ज्याची हल्ली वाखाणणी होते, त्यात भाज्या, डाळी, अख्खी धान्ये, सुकामेवा भरपूर आणि दही बेताचे असते. त्या आहाराचे अनुकरण करणाऱ्याने महागड्या परदेशी डब्यांच्या मागे धावण्याचे काही कारण नाही.

आता थोडे गणित. शिक्षकाचा पेशा असल्याने ते केल्याशिवाय आम्हांस राहवत नाही. दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश छापलेला असतो: फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के, टोन्डमध्ये ३, डबल टोन्डमध्ये दीड. एक लिटर फुल क्रीम दुधाच्या दह्यातून आमच्या तराजूवर ४०० ग्रॅमच्या आसपास चक्का उतरतो. स्निग्धांश फडक्यातून फारसा गळत नाही. म्हणजे ते ६० ग्रॅम या ४०० ग्रॅमांत आले, अर्थात शंभर ग्रॅमांत १५. प्रथिने सुमारे सात-आठ ग्रॅम, शर्करा तीन-चार ग्रॅम, आणि उष्मांक १८०च्या घरात. डबल टोन्ड दुधाचा चक्का कमी उतरतो, लिटरला ३०० ग्रॅमच्या आसपास. त्यात स्निग्धांश शेकडा पाच आणि उष्मांक शंभराच्या जवळपास. हे आकडे घरच्या मापाचे आहेत, प्रयोगशाळेचे नव्हेत. फडके किती वेळ टांगले यावर ते थोडे मागेपुढे होतील.

याच चक्क्यात समभाग साखर घातली की काय होते ते पाहा. शंभर ग्रॅमांच्या एका वाटीत ५० ग्रॅम साखर, म्हणजे दहा चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचविलेल्या मर्यादेनुसार वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या उष्मांकांपैकी एक दशांशाहून कमी यावेत. २००० उष्मांकांच्या आहारात ती मर्यादा नेमकी ५० ग्रॅम होते, आणि ती निम्म्यावर आणणे अधिक बरे असे तीच संघटना म्हणते. म्हणजे निरोगी माणसाचाही दिवसाचा वाटा एका वाटीत संपला. सरकारी मानकांतसुद्धा श्रीखंडाच्या शुष्कांशात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखर मान्य केलेली आहे. श्रीखंड हे पक्वान्न आहे आणि वर्षातून दोन-चार सणांना ते पक्वान्न म्हणूनच खावे. त्याला दह्याचा पदार्थ म्हणून पौष्टिकतेचे प्रमाणपत्र देऊ नये.

मधुमेही माणसापुढे खारा चक्का ठेवणे त्यामुळे सोयीचे. परंतु दादांच्या प्रसंगाने आम्ही जे शिकलो ते येथे सांगितलेच पाहिजे. साखर वगळली म्हणजे काम झाले, असे नाही. जो इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही विशिष्ट गोळ्या घेतो त्याच्या पानात मोजकी भाकरी, पोळी किंवा भात असलाच पाहिजे. नुसता चक्का आणि काकडी खाऊन तो उठला तर पुन्हा तीच थरथर. दादांच्या डॉक्टरांनी त्यांना ज्वारीची एक भाकरी, वाटीभर वरण, भाजी आणि हे तोंडीलावणे अशी आखणी करून दिली. साखरेऐवजी गूळ किंवा मध घालून 'मधुमेह्यांचे श्रीखंड' करण्याची एक चाल निघाली आहे. गूळ आणि मध हीही साखरेचीच रूपे आहेत. रक्ताला ती ओळखू येतात. कृत्रिम गोडी वापरून कोणी क्वचित हौस भागवील तर तो त्याच्या डॉक्टरांचा विषय. मात्र वजन उतरविण्यासाठी निरोगी लोकांनी अशा गोडीवर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ साली सांगितले आहे.

पुतण्याच्या कीटोविषयी आमचे मत फारसे अनुकूल नाही, पण त्याची बाजू मांडावयास हवी. हा आहार मूळचा अपस्मारासाठी; १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी त्याला हे नाव दिले. त्यात दिवसाची पिष्टे आणि शर्करा मिळून ५० ग्रॅमांच्या आत, बहुधा त्याहूनही खाली ठेवतात आणि उष्मांक मुख्यत्वे स्निग्धांशातून घेतात. फुल क्रीम दुधाचा चक्का त्याला चपखल बसतो. त्याच माणसाने कौतुकाने एक वाटी श्रीखंड खाल्ले की त्या एका वाटीनेच त्याचा दिवस बुडाला. तो चक्का काकडीच्या नि भोपळी मिरचीच्या कापांनी खातो आणि पुरीकडे पाहत नाही, हे आम्ही पाहिले आहे. निग्रह मानला पाहिजे. फक्त मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी पुतण्याचे पाहून हा आहार आपल्या मनाने सुरू करू नये. काही औषधांबरोबर तो जिवावर बेतू शकतो.

सौ.चा नेम मराठी घरांत आता सर्वश्रुत आहे. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेला हा विचार: दिवसातून दोनदाच जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे आणि मधल्या वेळात तोंड हलवू नये. एकभुक्त राहणाऱ्या आमच्या आजीला यात नवे काही वाटले नसते. चक्का या नेमात बसतो, पण तो जेवणातच खावयाचा. चार वाजता "नुसता चमचाभर चाखते" म्हटले की नेम मोडला. पातळ ताकाला जी सवलत आहे ती चक्क्याला नाही. सौ. हे इतरांना सांगते, स्वतः फोडणी चाखताना विसरते.

येथवर नव्या आहारांचे झाले. परंतु पथ्यांची खरी जुनी पेढी आपल्या व्रतांत आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पाडव्याच्याच दिवशी चैत्रातील नवरात्र बसते. इंदूर-ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांच्या शेजारी त्या दिवसापासून नऊ दिवसांचे उपास सुरू होतात, आणि शेजारणीला सणाचे काही द्यावे तर काय द्यावे हा प्रश्न पडतो. पुदिना चालतो की नाही, जिरे चालते की नाही, हे घरोघर वेगळे असते, विचारून घ्यावे. सैंधव, मिरची, काकडी आणि दाण्याचे कूट घातलेला चक्का बहुतेकांना चालतो. मोहरी-हिंगाची फोडणी मात्र कटाक्षाने टाळावी. हिंगात पीठ मिसळलेले असते हे पुष्कळांना ठाऊक नसते. उपासाला तो वर्ज्य मानण्याचे एक कारण ते, आणि ज्यांना गव्हाचा त्रास आहे त्यांनीही ते लक्षात ठेवावे.

आमच्या जिन्यासमोरचे बिऱ्हाड जैनांचे. त्यांच्या पथ्याचा बारकावा आम्हांस नेहमी स्तिमित करतो. कांदा, लसूण, गाजर, मुळा, बीट ही जमिनीखालची चीजवस्तू त्यांना वर्ज्य. ओले आलेही त्यातच आले, तेव्हा त्यांच्या वाटीत सुंठ घालावी. न तापविलेले दही डाळीबरोबर किंवा बेसनाबरोबर खावयाचे नाही, त्याला ते विदळ म्हणतात. म्हणून चक्क्याबरोबर त्यांना भजी देण्याची चूक आम्ही एकदा केली ती पुन्हा केली नाही. दही दोन रात्रींपलीकडचे नसावे. चैत्रातल्या आयंबिल ओळीत तर दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर सारेच बंद. त्या दिवसांत वाटी घेऊन जिना ओलांडूच नये.

आपल्याकडे चातुर्मासात भाद्रपदात दही सोडण्याचे दधिव्रत आहे. आमची आई ते आजही पाळते. चरकसंहितेत रात्री दही खाऊ नये असे सांगितले आहे, आणि दिवसाही नुसते न खाता तूप, साखर, मुगाचे कढण, मध किंवा आवळा यांपैकी कशाची तरी जोड द्यावी अशी सूचना आहे. आधुनिक शास्त्राला हा नियम त्याच शब्दांत मान्य होईल असे नाही. पण दही एकटे खाण्याची वस्तू नव्हे, त्याला सोबत लागते, हे निरीक्षण आम्हांस तरी पटते. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात दही, साखर आणि सुवासिक द्रव्यांची 'रसाला' सांगितली असून तिलाच शिखरिणी म्हटले आहे. ती पहिल्याने भीमाने केली असा प्रवाद तेथे आहे. शिखरिणी हे सतरा अक्षरांच्या एका वृत्ताचेही नाव. वर्गात वृत्ते शिकविताना हे सांगितले की मुलांना यतीपेक्षा श्रीखंडच अधिक लक्षात राहते, असा आमचा अनुभव.

भाचीचे काय करावे, हा मोठा पेच होता. दूधदुभतेही वर्ज्य करणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात रूढ झाला. चक्क्याला त्यात थारा नाही, अगदी साखर पडण्यापूर्वीच्यासुद्धा. आमचे एक मन म्हणत होते की कृष्णाच्या गुजरातेत राहून दह्याला नाही म्हणणे म्हणजे अतीच झाले. सौ. म्हणाली, "मामांनी वाद घालू नये, शेंगदाणे भिजत घालावेत." रात्रभर भिजविलेले दाणे सोलून, पाणी घालून वाटले, गाळले, ते दूध उकळून कोमट केले आणि विरजण म्हणून हिरव्या मिरच्यांचे देठ टाकले. दही लागले खरे, पण नाजूक. चक्का ओंजळभरच उतरला. त्यात काकडी-जिरे घातल्यावर भाची ज्या समाधानाने खात होती ते पाहून आमचा कृष्णाचा मुद्दा आम्ही मनातच ठेवला. फक्त तिला एवढे सांगितले की शाकाहारी माणसाला बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यत्वे दुधातून मिळते. दूध सोडले तर गोळीची व्यवस्था डॉक्टरांना विचारून करावी.

दूध न पचणारे लोक आणि दुधाची ॲलर्जी असणारे लोक यांत पुष्कळ जण घोटाळा करतात. पहिल्यांना दुधातील शर्करा पचत नाही. विरजण लागताना ती काही अंशी कमी होते, उरलेलीपैकी बरीचशी पाण्याबरोबर फडक्यातून निथळते. म्हणून दूध न सोसणाऱ्या अनेकांना थोडा चक्का सोसतो. दुसऱ्यांचे भांडण दुधातील प्रथिनांशी असते, आणि प्रथिने तर चक्क्यात दाटलेली असतात. त्यांना एक बोटही चाटवू नये. मूत्रपिंडाच्या विकारात प्रथिने आणि क्षार मोजून घ्यावे लागतात. तेथेही चक्का आपल्या मनाने वाढू नये.

आईला मात्र तो वरदान ठरला आहे. दात नसल्यामुळे डाळ-उसळ तिच्या पोटात पुरेशी जात नाही; चक्का चावावा लागत नाही आणि प्रथिने देतो. हाडांसाठी चक्का उत्तम असे जे म्हणतात ते अर्धेच खरे, कारण आंबट दह्यातील कॅल्शियमचा मोठा भाग निथळणाऱ्या पाण्यात उतरतो. ते पाणी मोरीत ओतणे हा करंटेपणा आहे. आमच्याकडे त्यात थालीपिठाची भाजणी भिजवितात. आणि दही किंवा चक्का कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, तो कळकतो, हे जुने शहाणपण स्टीलच्या काळात विसरले गेले असले तरी हौसेने पुन्हा पितळ वापरणाऱ्यांनी आठवावे. बडोद्याच्या चैत्रात तर गाठोडे चाळणीवर ठेवून शीतकपाटातच टांगल्यासारखे करावे. उघड्यावर चक्का सकाळपर्यंत आंबून ढोण होतो.

मिठाचे आमचे स्वतःचे पथ्य राहिले. दिवसभरात एक चहाचा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, याहून कमी मीठ पोटात जावे ही मर्यादा. चक्क्याला अंगचा आंबटपणा असल्याने मीठ कमी घातले तरी चव पडत नाही. जिरे आणि पुदिना ती उणीव झाकतात. घात होतो तो चक्क्याने नव्हे, तर तो उचलण्यासाठी हातात घेतलेल्या वस्तूने. बटाट्याचे वेफर, तळलेले पापड, खारे शेव-गाठे यांनी चक्का उचलला की मीठ, तेल आणि पिष्ट तिन्ही एका घासात आले. तोंडीलावण्याची वाटी निष्पाप राहते आणि वजनाचा काटा पुढे सरकतो. त्यामुळे सौ.ने यंदा वाटीभोवतीच्या ताटात काकडी, भोपळी मिरची, ज्वारीच्या भाकरीचे चतकोर आणि तेलाविना भाजलेले खाकरे एवढेच मांडले होते. मुलांच्या पुऱ्या मुलांच्याच पानात.

यंदाच्या पाडव्याच्या आदल्या रात्री आम्ही दादांना दूरध्वनी केला आणि पानावर काय काय आहे ते वहिनींना वाचून दाखविले. भाकरी किती वजनाची तेही सांगितले, कारण त्यांना इन्शुलिनचे माप त्यावरून ठरवावयाचे होते. बारा वाजता दोघे आले. पान प्रत्यक्ष वाढले गेल्यावरच दादांनी इन्शुलिन टोचून घेतले. नंतर त्यांनी भाकरीचा चतकोर चक्क्यात बुडविला, खाल्ला, आणि पुढे मागितला नाही तो चक्का नव्हे, श्रीखंड: "एक चमचा वाढ, नैवेद्यापुरते." वहिनींनी मान हलविली तेव्हा सौ.ने तेवढेच वाढले. आई नऊ पाने मोजून उठली. जाताना वहिनींनी पातेल्यातले निथळलेले पाणी बाटलीत भरून मागितले; संध्याकाळी त्यांना थालीपिठे करावयाची होती.